विश्वासाच्या भांडवलावरचा धंदा : ‘कंपनी’तील मलिक आणि चंदू

राम गोपाल वर्मा दिग्दर्शित आणि जयदीप साहनी लिखित ‘कंपनी’ हा हिंदी चित्रपट १२ एप्रिल २००२ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा मुंबईच्या गुन्हेगारी जगावरचे चित्रपट प्रेक्षकांच्या चांगल्याच परिचयाचे झालेले होते. एका टोळीची उभारणी, तिचा परदेशात झालेला विस्तार आणि तिच्या दोन प्रमुखांमधील मैत्रीचा शेवट एवढेच या चित्रपटाचे कथानक आहे. परंतु ही मैत्री तुटण्याचे कारण तो स्त्री, पैसा किंवा मत्सर या नेहमीच्या ठिकाणी शोधत नाही. संघटित गुन्हेगारी ज्या पायावर उभी राहते तो माणसाने माणसावर टाकलेला विश्वास धंदा वाढल्यामुळेच कसा ढासळतो, हा या चित्रपटाचा खरा विषय आहे, आणि तो इतक्या स्पष्टपणे हाताळणारा दुसरा हिंदी चित्रपट दाखवणे अवघड आहे.

गुन्हेगार नायक हिंदी पडद्यावर जुना आहे. ‘दीवार’मधला (१९७५) विजय गोदी कामगार म्हणून सुरुवात करून तस्करीकडे वळतो आणि त्याच्या व्यक्तिरेखेत तस्कर हाजी मस्तानची छाया त्या काळच्या प्रेक्षकांनी ओळखली होती, मणिरत्नम यांच्या तमिळ ‘नायकन’ने (१९८७) मुंबईतील टोळीप्रमुख वरदराजन मुदलियारच्या आयुष्याचा आधार घेतला. या दोन्ही चित्रपटांत गुन्हेगारी हे अन्यायाला दिलेले उत्तर आहे आणि म्हणूनच नायकाला दुःखान्त नायकाची उंची मिळते. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या कथेवर गोविंद निहलानी यांनी काढलेल्या आणि विजय तेंडुलकर यांच्या पटकथेने बांधलेल्या ‘अर्धसत्य’ने (१९८३) ही उंची नाकारली, सदाशिव अमरापूरकर यांनी उभा केलेला रामा शेट्टी हा घरात बसून शांतपणे बोलणारा, राजकारणात पाय रोवू पाहणारा माणूस आहे, आणि त्याची भीती वाटते ती याच शांतपणामुळे. वर्मा यांच्याच ‘सत्या’ने (१९९८) पुढचे पाऊल टाकले. मनोज बाजपेयी यांचा भिकू म्हात्रे बायकोचा मार खातो, मुलींचे लाड करतो, मित्रांबरोबर दारू पितो आणि मधल्या वेळेत माणसे मारतो. गुन्हेगाराला घर असते ही साधी गोष्ट हिंदी चित्रपटाने त्या चित्रपटात प्रथमच नीट पाहिली. तथापि ‘सत्या’तील मैत्री अभंग राहते. भिकूला मारणारा भाऊ ठाकुरदास जवळे हा त्याचा राजकीय आश्रयदाता असतो, आणि सत्या गणेश विसर्जनाच्या गर्दीत भाऊचा खून करून त्याचा सूड घेतो. ‘कंपनी’ने ज्या प्रश्नाला हात घातला तो असा की, मारणारा आणि मरणारा हे दोघेच मित्र असतील तर काय होते.

हा प्रश्न समजण्यासाठी मुंबईतील टोळ्यांचे अर्थकारण थोडे विस्ताराने पाहणे आवश्यक आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हातभट्टीचा धंदा वाढवला, तर १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सोन्याच्या तस्करीत मोठा नफा निर्माण केला. सरकार ज्या वस्तूवर बंधन घालते आणि लोक जी वस्तू मागतच राहतात, तिचा चोरटा व्यापार करणारे मस्तानसारखे लोक यातूनच मोठे झाले. या पिढीला बंदुकीपेक्षा बंदर आणि होडी महत्त्वाची होती. १९८० नंतर चित्र पालटले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या आणि सुमारे अडीच लाख कामगारांनी भाग घेतलेल्या गिरणी संपाने लालबाग, परळ, वरळी या भागांतील हजारो घरांची मिळकत थांबवली, आणि त्या घरांतल्या काही तरुण मुलांना टोळीत शिरल्यावर मिळणारा पैसा हाच जवळचा पगार वाटू लागला. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकात अशाच एका घराची कहाणी आली आहे. पुढे १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला आणि १९९२ पासून परदेशस्थ भारतीयांना शुल्क भरून सोने आणण्याची मुभा मिळाली, तेव्हा तस्करीतला नफा आटला. टोळ्यांनी मग आपले लक्ष खंडणीकडे, म्हणजे जिवाची भीती घालून बांधकाम व्यावसायिक, व्यापारी आणि चित्रपट निर्माते यांच्याकडून केल्या जाणाऱ्या वसुलीकडे, तसेच जमिनीच्या व्यवहारांकडे वळवले. १२ ऑगस्ट १९९७ रोजी संगीत व्यावसायिक गुलशन कुमार यांचा अंधेरीत झालेला खून याच काळातला आहे.

खंडणी आणि सुपारी, म्हणजे ठरावीक रकमेच्या बदल्यात खून करण्याचा करार, या दोन्ही कामांना तस्करीहून वेगळी माणसे लागतात. तस्करीत माल हातात असतो; खंडणीत फक्त नाव असते. दुबईत बसलेल्या माणसाचा फोन आल्यावर मुंबईतील व्यापारी पैसे देतो, कारण त्या नावामागे पिस्तूल चालवणारा पंटर, म्हणजे टोळीतील खालच्या फळीतला हस्तक, आपल्या इमारतीखाली उभा असू शकतो हे त्याला ठाऊक असते. फोन करणाऱ्याला तो पंटर आपले ऐकेल याची खात्री हवी, पंटरला काम झाल्यावर पैसे मिळतील आणि पकडला गेल्यास घर चालेल याची खात्री हवी, आणि या दोन्ही खात्र्या कोणत्याही कागदावर लिहिता येत नाहीत. हवालाची पद्धत याच जातीची आहे: एका शहरात रोख रक्कम द्यायची, खुणेचा निरोप पोहोचवायचा आणि दुसऱ्या शहरात तेवढीच रक्कम उचलायची, यात बँक नसते आणि पावतीही नसते. इटालियन समाजशास्त्रज्ञ दिएगो गाम्बेत्ता यांनी सिसिलीतील माफियावरच्या आपल्या १९९३ मधील ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की, जिथे शासन करार पाळले जातील याची हमी देऊ शकत नाही तिथे माफिया संरक्षण हीच वस्तू विकतो. मुंबईतील टोळ्यांनीही अडलेल्या वसुल्या आणि जागांचे तंटे सोडवून हाच माल विकला. मात्र दुसऱ्यांना हमी विकणाऱ्या या संघटनेला स्वतःच्या आत हमी देणारे कोणीच नसते. शब्द मोडणाऱ्या साथीदारावर फिर्याद करता येत नाही, आणि म्हणून बालपणीची ओळख, एकच चाळ, एकच नाका, तुरुंगातला सहवास अशा नात्यांना तिथे भांडवलाचे मोल येते. भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’तील (१९६५) पोरांची दोस्ती ज्या नाक्यावर वाढते, त्याच नाक्यावरून टोळीला माणसे मिळत राहिली, यात नवल नाही.

‘कंपनी’तील मलिक (अजय देवगण) आणि चंदू नागरे (विवेक ओबेरॉय) यांची मैत्री बालपणीची नाही, ती कामातून जमलेली आहे, आणि हा लेखकाने केलेला फार विचारपूर्वक फरक आहे. अस्लमभाईच्या टोळीत असलेला मलिक वस्तीतल्या चंदूमधला धीटपणा हेरतो, चंदू आपल्या मित्रांसह त्याला येऊन मिळतो, आणि वरच्यांना बाजूला सारून दोघे टोळीची सूत्रे हाती घेतात. मलिक हिशेबी आणि अबोल आहे. चंदू रागीट आहे आणि माणसांत रमणारा आहे. मलिकजवळ योजना आहे आणि चंदूजवळ माणसे आहेत, त्यामुळे एकाचे दुसऱ्यावाचून अडते. या अडण्यालाच दोघे मैत्री समजतात, आणि काही काळ ती मैत्री असतेही. चित्रपट तिला खोटी ठरवत नाही, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. देवगण यांनी मलिक जवळजवळ चेहऱ्याचा स्नायू न हलवता उभा केला आहे, तर ओबेरॉय यांचा हा पहिलाच चित्रपट असूनही चंदूची अस्वस्थता त्यांच्या चालण्यात उतरली आहे. त्या वर्षीच्या फिल्मफेअर पुरस्कारांत त्यांना पदार्पणाचा आणि सहायक अभिनेत्याचा असे दोन्ही पुरस्कार मिळाले.

चित्रपटाच्या वास्तववादाबद्दल येथे थोडे लिहिणे योग्य ठरेल, कारण वास्तववाद म्हणजे अंधारे बोळ आणि शिव्या अशी एक सोपी समजूत रूढ झालेली आहे. ‘कंपनी’तील बराचसा भाग हाँगकाँगमधल्या चकचकीत इमारतींत आणि केनियात घडतो. त्याचा वास्तववाद कामकाजाच्या तपशिलात आहे: सावजाच्या जाण्यायेण्यावर पाळत ठेवून माणसे पेरणे, ज्याला टोळीच्या बोलीत फिल्डिंग लावणे म्हणतात, पैसे कोणी कोणाकडे पोहोचवायचे, एका खुनाला किती माणसे लागतात आणि त्यांतल्या प्रत्येकाला किती माहिती द्यायची, हे सारे कंटाळवाण्या नोकरीसारखे दाखवले आहे. मकरंद देशपांडे यांच्या आवाजातील निवेदन हा तपशील कोरडेपणाने जोडत जाते. हेमंत चतुर्वेदी यांचा कॅमेरा पात्रांच्या फार जवळ जातो, कधी जमिनीलगत राहतो, कधी वस्तूंच्या आडून पाहतो, त्यामुळे प्रेक्षकाला आपण चोरून ऐकत आहोत असे वाटत राहते. विजय राज, राजपाल यादव अशा नटांचे चेहरे गर्दीत मिसळून जाणारे आहेत. त्या काळच्या बाजाराला दिलेली सूट म्हणून ‘खल्लास’ हे नाचगाणेही चित्रपटात आले आहे. त्यावाचून चित्रपटाचे काहीच अडले नसते.

मैत्री तुटते तो प्रसंग मात्र हिंदी चित्रपटातील उत्तम प्रसंगांपैकी एक मानावा लागेल. विलास पंडित (आकाश खुराणा) या राजकारण्याकडून कंपनीला, म्हणजे मलिक आणि चंदू यांच्या टोळीला, रावते या मंत्र्याच्या खुनाची सुपारी येते आणि तो खून अपघात वाटावा अशी योजना ठरते. ऐन वेळी मोटारीत मुलेही आहेत हे कळल्यावर चंदू काम थांबवायला सांगतो. मलिक त्याचा निर्णय फिरवून काम पुरे करायला लावतो, आणि मुलांसह सारे मरतात. हे सगळे फोनवर घडते. कोणीही कोणासमोर उभा नाही, कोणी कोणावर हात उगारत नाही, एका आवाजाने दिलेला हुकूम दुसरा आवाज रद्द करतो, आणि रस्त्यावरच्या माणसांना त्या क्षणी ठरवावे लागते की कंपनीचा आवाज कोणता. तोवर दोघांनाही कधी न पडलेला प्रश्न, धनी कोण हा, येथे पहिल्यांदा आणि कायमचा सुटतो. चंदूला मुलांच्या मृत्यूने हादरा बसतो हे खरे, पण त्याला अधिक लागते ते हे की त्याच्या शब्दाला किंमत नाही, आणि आपल्या माणसांदेखत ती गेली. मलिकच्या बाजूनेही विचार करता येतो, आणि चित्रपट तो करायला लावतो. सुपारी घेतल्यावर काम झाले नाही तर कंपनीचे नाव जाते, आणि खंडणीच्या धंद्यात नावापलीकडे दुसरी मालमत्ताच नसते. मलिक धंद्याच्या नियमाने योग्य आहे आणि चंदू माणुसकीच्या नियमाने. दोन्ही नियम एकाच छताखाली नांदतील हा आतापर्यंतचा समज चुकीचा होता.

यानंतरचा भाग संशयाचा आहे. चंदूच्या जवळचा माणूस मरतो, त्यामागे कोण याबद्दल दोन्हीकडे वेगवेगळ्या बातम्या पोहोचतात, आणि त्या पोहोचवणारे मधले लोक आपापल्या फायद्याने शब्द बदलतात. समोरासमोर बसून दोन वाक्यांत मिटले असते ते दोन देशांतल्या अंतरामुळे वाढत जाते. फोनवर आवाज ऐकू येतो, पण चेहरा वाचता येत नाही, आणि फोन दुसरे कोणी ऐकत असेल या भीतीने मोकळे बोलताही येत नाही. अशा वेळी संशय खरा की खोटा हे तपासण्याचा वेळ कोणाजवळच नसतो, कारण तपासत बसणारा आधी मारला जाण्याची शक्यता असते. म्हणून दोघेही आधी वार करण्याचा विचार करतात, आणि एकमेकांविषयीची भीती त्यामुळेच खरी ठरते. चंदू केनियात पळतो, तिथे त्याच्यावर हल्ला होतो, मुंबईत दोन्ही बाजूंची माणसे पडू लागतात. या माणसांपैकी बहुतेकांना मलिक आणि चंदू यांच्यातले भांडण नेमके कशावरून आहे हेही माहीत नसते.

या कथेमागे दाऊद इब्राहिम आणि छोटा राजन यांचा खरा इतिहास आहे हे उघड गुपित होते. रत्नागिरी जिल्ह्यातील खेडचे मूळ आणि मुंबई पोलिसांतील हवालदाराचा मुलगा असलेला दाऊद डोंगरीत वाढला. १९८१ मध्ये त्याचा भाऊ साबीर याचा पठाण टोळीने खून केल्यानंतर त्याने शहरातील जुन्या टोळ्या मोडून काढल्या आणि १९८० च्या दशकाच्या मध्यावर दुबई गाठली. राजेंद्र सदाशिव निकाळजे उर्फ छोटा राजन हा चेंबूरच्या टिळकनगरचा. सिनेमाची तिकिटे काळ्या बाजारात विकण्यापासून सुरुवात करून, बडा राजन म्हणजे राजन नायर याच्या खुनानंतर त्याची टोळी हाती घेऊन तो दाऊदचा विश्वासू झाला. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या आणि २५७ जणांचे प्राण घेणाऱ्या बॉम्बस्फोटांनंतर दोघे उघडपणे वेगळे झाले. स्फोटांमुळे आपण दाऊदला सोडले असे राजन पुढे सांगत राहिला, तर टोळीत दाऊदचा दुसरा साथीदार छोटा शकील याचे वाढते वजन आणि आपल्या माणसांविषयीचे जुने तंटे हे खरे कारण असल्याचे गुन्हेगारी जगताचा अभ्यास करणाऱ्या पत्रकारांनी लिहिले आहे. सप्टेंबर २००० मध्ये बँकॉकमध्ये राजनवर हल्ला झाला, त्यात त्याचा साथीदार रोहित वर्मा मारला गेला, जखमी राजन रुग्णालयात दाखल झाला आणि काही आठवड्यांनी तिथून निसटला. केनियातील प्रसंगांत या घटनेचे पडसाद स्पष्ट ऐकू येतात.

इतिहासातून चित्रपटाने काय उचलले यापेक्षा काय गाळले हे अधिक बोलके आहे. १९९३ चे स्फोट, त्याआधीची डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ ची दंगल, आणि त्यानंतर टोळ्यांची धर्मावर झालेली विभागणी यांचा ‘कंपनी’त मागमूस नाही, फुटीचे निमित्त म्हणून स्फोटांच्या जागी एका मंत्र्याचा खून आणि मुलांचे मृत्यू आले आहेत. याचा लाभ असा झाला की मलिक आणि चंदू यांच्याकडे हिंदू व मुसलमान म्हणून न पाहता दोन भागीदार म्हणून पाहता आले, आणि विश्वासाचा मुद्दा स्वच्छपणे पुढे आला. परंतु मुंबईच्या एका पिढीने या टोळ्यांकडे आपापल्या धर्माचे रक्षक म्हणून पाहिले, राजनला ‘देशभक्त’ डॉन ठरवले, आणि या पाहण्याचा टोळ्यांनी पुरेपूर वापर करून घेतला, हे सत्य चित्रपटाच्या चौकटीबाहेर राहिले. वास्तववादी म्हणून गौरवल्या गेलेल्या चित्रपटातील ही उणीव लहान नाही, आणि ती नोंदवल्यावाचून त्याची प्रशंसा करणे उचित होणार नाही.

पोलिसांच्या बाजूने चित्रपटात वीरापल्ली श्रीनिवासन हा वरिष्ठ अधिकारी येतो, आणि मोहनलाल यांनी तो ज्या संयमाने साकारला आहे तो हिंदी चित्रपटातील पोलीस अधिकाऱ्याच्या रूढ प्रतिमेला छेद देणारा आहे. मुंबई गुन्हे शाखेचे त्या काळातील प्रमुख डी. शिवानंदन यांच्यावरून हे पात्र बेतल्याचे मानले जाते. श्रीनिवासन धावत नाही आणि ओरडत नाही, तो ऐकतो. टेप केलेली संभाषणे, खबऱ्यांचे निरोप, कोण कोणाशी किती दिवस बोललेला नाही, यांवरून तो टोळीतल्या भेगा शोधतो. महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजे ‘मोक्का’, १९९९ मध्ये लागू झाला तेव्हा त्याने याच कामाला कायद्याचे बळ दिले: रीतसर परवानगीने टिपलेली फोनवरची संभाषणे पुरावा म्हणून स्वीकारली जाऊ लागली, आणि एरवी पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात ग्राह्य नसला तरी अधीक्षक वा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब या कायद्याखाली ग्राह्य ठरला. दुसरीकडे याच दशकात पोलीस चकमकींत मोठ्या संख्येने संशयित मारले गेले, आणि त्यांतल्या अनेक चकमकींच्या खरेपणाविषयी न्यायालयांत व वृत्तपत्रांत प्रश्न उपस्थित झाले. श्रीनिवासनच्या पात्राने कायद्याच्या शांत मार्गावर दिलेला भर म्हणूनच त्या काळाच्या संदर्भात मोलाचा आहे.

स्त्रियांना चित्रपटात जागा थोडी आहे, पण चंदूची आई राणीबाई (सीमा बिस्वास) लक्षात राहते. ‘दीवार’मधील आईप्रमाणे ती मुलाचे घर सोडून जात नाही, मुलगा काय करतो हे तिला ठाऊक आहे, आणि गरिबीत दिवस काढलेल्या बाईच्या व्यवहारबुद्धीने तिने ते स्वीकारलेले आहे. मलिकची सरोजा (मनीषा कोईराला) आणि चंदूची कन्नू (अंतरा माळी) या दोघीही आपापल्या पुरुषाच्या बाजूने ठाम उभ्या राहतात, त्यामुळे घर ही समेटाची जागा उरत नाही.

शेवटी श्रीनिवासनच्या समजावण्यावरून चंदू मुंबईला परत येतो आणि मलिकविरुद्धच्या लढ्यात पोलिसांना मदत करतो. मलिकला मारतो तो कोडासिंग (विजय राज), टोळीतल्याच माणसांपैकी एक. चंदू आणि मलिक पुन्हा समोरासमोर येतच नाहीत, आणि ज्या नात्याचा शेवट फोनवर झाला त्याला भेटीचा प्रसंग नाकारण्यात लेखकाची जाण दिसते. यानंतर चंदू विलास पंडितला गोळी घालतो, कारण दोघांमध्ये विष कालवणारा तोच होता असे त्याला कळलेले असते, आणि अखेर श्रीनिवासनच्या शब्दावर तो तुरुंग पत्करतो. पंडितचा खून हा चित्रपटातला सर्वांत कच्चा दुवा आहे. टोळी आणि राजकारणी यांचे साटेलोटे खरेच असते, पण सारा दोष एका कावेबाज पुढाऱ्याच्या माथी मारल्याने प्रेक्षकाला बोट दाखवायला एक माणूस मिळतो आणि चंदूचा सूड न्याय्य वाटू लागतो. त्याआधीच्या दोन तासांत चित्रपटाने जे दाखवले आहे, त्यानुसार पंडित नसता तरी दुसरी एखादी सुपारी, दुसरी एखादी मोटार आणि फोनवर फिरवलेला दुसरा एखादा हुकूम यांनी मलिक आणि चंदू यांना एकमेकांविरुद्ध उभे केलेच असते.